ज्योतीच्या खात्यातून

१

सोमवारी सकाळी 'बांधावर स्टुडिओ'चं फोल्डर उघडलं आणि आत काहीच नव्हतं. गाई-म्हशींची निगा कशी राखावी यावरच्या अहिराणीतल्या सगळ्या फिल्म, त्यांचे आवाज, त्यांच्या संहिता, झाडून सगळं गेलं होतं. दुपारी त्या फिल्म एका पशुखाद्य कंपनीच्या साहेबांना दाखवायच्या होत्या. आणि टीमच्या ग्रुपवर माझ्या धाकट्या बहिणीच्या, ज्योतीच्या खात्यातून एक मेसेज पडला होता :

'@प्रेमराज, तुम्ही माझं नाव काढलंत, मी तुमचं काम काढलं. आता बसा शोधत.'

तुम्ही म्हणाल, मग यात रहस्य कसलं? चोरानं तर चिठ्ठीच सोडलीय. लीलाधर चौधरीही तेच म्हणाले. हे लीलाधरभाऊ स्टुडिओचे मालक. स्टुडिओ म्हणजे जळगावात एक खोली आणि एक पाटी. माणसं आपापल्या घरून काम करतात. कोणी काय करायचं ते एका ऑनलाइन बोर्डावर कार्डं लावून ठरतं, बोलणं ग्रुपवर, आणि एकमेकांची तोंडं बघायची ती सोमवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये. त्याच मीटिंगमध्ये त्यांनी ज्योतीला सगळ्यांसमोर, फिल्म बघायला आलेल्या साहेबांच्याही समोर, चोर ठरवलं. ती बोलायला गेली तर तिचा आवाज बंद करून ठेवलेला. पोरगी हातवारे करत रडत राहिली, आणि मग स्क्रीनवर अक्षरं आली की तुम्हाला या टीममधून काढण्यात आलं आहे.

मी उषा. धुळ्याला वकिली करते. कोर्टात माझ्या पाठीमागं मला लवंगी म्हणतात, ते मला माहीत आहे आणि आवडतंही. ज्योतीचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच सारलं आणि म्हणाले, "रडू नकोस. ज्यानं हे केलं त्याला मी नाक घासायला लावते की नाही बघ."

"अक्का, नोकरीचं सोड गं," ती म्हणाली. "नानांनी डेअरीवर जाऊन सगळ्या गावाला सांगितलं. सुनेनं मालकाचं वाटोळं केलं म्हणून."

नाना म्हणजे तिचे सासरे. माझ्या बहिणीचं नाव सासऱ्यानं स्वतःच्या तोंडानं भर डेअरीवर घालवलं होतं. मी तशीच गाडी काढली.

२

शिंदखेड्याला ज्योतीच्या सासरी पोचले तर ओसरीवर नाना बसलेले. पांढरी टोपी, करारी चेहरा. मला बघून म्हणाले, "वकीलीनबाई उनी का? बरं व्हयनं. ते डबडं मी कपाटमा टाकेल शे. आते बस व्हयनं."

डबडं म्हणजे ज्योतीचा लॅपटॉप. कपाटाला कुलूप, किल्ली नानांच्या कनवटीला. तिचा नवरा सुरतेला. त्यानं फोनवर 'जाऊ दे, वाढवू नको' एवढं सांगून हात झटकले होते. बायकोवर बालंट आलं आणि हा म्हणतो जाऊ दे! अशा वेळी मला वाटतं, माणसाला दोन कानशिलं उगीच दिलेली नाहीत.

"आता पहिल्यापासून सांग," मी ज्योतीला आत बसवून म्हटलं. "भांडण झालं होतं का?"

"झालं होतं. फिल्मच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात ना, त्यात सावदेकरांनी माझं नाव घातलंच नाही. मी मीटिंगमध्ये चांगलं सुनावलं त्यांना. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी चूक दुरुस्त केली, अक्का. मिटलं होतं सगळं."

सावदेकर म्हणजे प्रेमराज, त्यांचा व्हिडिओ जोडणारा, सावद्याचा.

"आणि रविवारी?"

"रविवारी माझं खातं उघडेचना. पासवर्ड चुकतोय म्हणे. मला वाटलं, मीच विसरले. संध्याकाळी मोहिनीताईंना फोन केला. त्या टीम सांभाळतात. त्यांनी लगेच नवा पासवर्ड दिला. एरवीही कुणाचं अडलं की त्याच देतात. नाहीतर लीलाधरभाऊ."

"फिल्म पुसल्या गेल्या कधी?"

"रविवारीच दुपारी. मेसेजही तेव्हाच लिहून सोमवारी सकाळी पडेल असा लावून ठेवला होता. तसं नोंदलंय म्हणे, माझ्याच नावावर."

म्हणजे जेव्हा तिचं खातं तिला उघडत नव्हतं, तेव्हा ते दुसरं कोणीतरी वापरत होतं. हे मी लीलाधरभाऊंना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "वकीलबाई, पासवर्ड चालत नव्हता हे तीच सांगते ना? चोर काय म्हणणार, की चालत होता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! फोन ठेवला आणि ठरवलं की प्रत्येकाला त्याच्या घरी जाऊन भेटायचं. स्क्रीनवर माणूस खांद्यापर्यंतच दिसतो. हात काय करतायत ते कळत नाही.

३

सावद्याला प्रेमराजची खोली केळीच्या पॅकिंग शेडच्या वर होती. खाली ट्रक भरत होते, हमालांचा गलका चाललेला. प्रेमराज तिशीच्या आतला, डोळे तांबारलेले.

"तुमच्या बहिणीनं माझ्या अख्ख्या हंगामाची माती केली," तो म्हणाला. "गोठ्यागोठ्यात शेण तुडवत शूटिंग केलं होतं मी. सापडली तर..."

"तर काय कराल?"

मी नरमाईनं घेतलं. चहा मागितला. मग त्याच्या मोबाइलवर ग्रुपचे जुने मेसेज बघू द्या म्हटलं. त्यानं कुरकुरत दिला. ज्योतीचे मेसेज ढिगानं होते. 'सावदेकर, गोठ्याचा शॉट हलतोय.' 'सावदेकर, जेवलात का?' त्याच्या कार्डांखालीही तेच, सावदेकर, सावदेकर.

"ही तुम्हाला सावदेकर म्हणते?"

"पहिल्यापासून. आता भाऊही तेच म्हणतात."

वर सरकवता सरकवता एक चित्र आलं आणि थांबले. एका बाईचा चेहरा, तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धे मिटलेले, बोलता बोलता व्हिडिओ अडकल्यावर दिसतो तसा. खाली अक्षरं : 'गायनी आंडेर'. ते स्टिकर पुढंही दिसलं. पुन्हा दिसलं. उठसूट कोणीतरी ते टाकत होतं.

प्रेमराजला हसू आवरेना. "मोहिनीमॅडम आहेत त्या. पहिल्या फिल्मची अहिराणी त्यांनीच लिहिली, आवाजही त्यांचाच. जळगावच्या शहरातल्या, कानावरून गेलेली भाषा. कालवडीला त्यांनी लिहिलं 'गायनी आंडेर'! आंडेर म्हणजे पोटची लेक हो. गाईची लेक! कंपनीचे साहेब मीटिंगमध्ये होते, तेही हसले. मग भाऊंनी लिहायचं आणि आवाजाचं काम ज्योतीताईंना दिलं. आणि मी हे स्टिकर केलं. गंमत म्हणून."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही. त्याही हसल्या."

मी मोबाइल परत दिला. "पुसलेल्या फाइली कचऱ्याच्या पेटीत जातात ना? तिथून परत का नाही काढल्या?"

"पेटीही रिकामी केलीय." मग तो जरा अडखळला. कपाळाला आठी पडली. "पण पेटी रिकामी करणं आमच्या हातात नाही. मी नाही करू शकत, ज्योतीताईही नाही. तो अधिकार दोघांनाच आहे. भाऊंना आणि मॅडमना."

"हे तुम्ही मीटिंगमध्ये बोललात?"

"रागात होतो हो. सुचलंच नाही."

सुचलंच नाही म्हणे. एका बाईचा संसारातला मान गेला आणि ह्यांना सुचलं नाही! जिन्यापर्यंत येऊन तो हळूच म्हणाला, "एक सांगू? भाऊंना ही कंपनी नकोशीच झाली होती. दुसरं मोठं काम आलंय. फिल्म हरवल्या तर सुटायला बरंच."

४

जळगावच्या त्या एका खोलीत लीलाधरभाऊ भेटले. जाड भिंगाचा चष्मा, मोबाइल नाकाजवळ धरून वाचायची सवय. बोलताना दर मिनिटाला एखाद्या मेसेजला हात जोडल्याचं चित्र पाठवत होते.

"मी सगळं वाचतो," ते अभिमानानं म्हणाले. "कोण जेवलं, कोणाचं लेकरू आजारी. माणसं दूर असली की वाचावं लागतं."

"कंपनी सोडायची होती तुम्हाला?"

ते चपापले. "सोडायची होती. पण सोडायला फोन पुरतो, वकीलबाई. त्यासाठी स्वतःच्या घराला काडी कोण लावेल?"

पटण्यासारखं होतं. पण मला पटवून घ्यायचंच नव्हतं. त्यांनीच माझ्या बहिणीचा आवाज बंद केला होता, आणि मला मनापासून वाटत होतं की चोर हाच निघावा.

मोहिनी जळगावातच, महाबळमध्ये राहते. स्वच्छ फ्लॅट, टेबलावर दोन स्क्रीन. माझा हात हातात घेऊन तिनं डोळ्यांत पाणी आणलं. "ज्योती माझ्या धाकट्या बहिणीसारखी हो. मी भाऊंना म्हटलं, एकदा माफ करा."

"तिनं केलंच नसेल तर माफी कसली?"

"बोर्ड खोटं बोलत नाही, ताई." तिनं मला तो ऑनलाइन बोर्ड दाखवला. रांगेनं कार्डं, हिरवी, पिवळी, लाल. "हे बघा, प्रेमराजची कार्डं हिरवी. ज्योतीची लाल झाली की मला कळतं, ती नाराज आहे."

"आणि कार्डांखाली ती जे लिहिते ते?"

"ते वाचत बसले तर काम कधी करू?" ती हसली. "मी रंग बघते."

"ते स्टिकर पाहिलं मी. गायनी आंडेर."

हसू जागचं हललं नाही. "पोरांची मस्करी. मी कशाला मनावर घेऊ?"

बाहेर पडले तेव्हा माझ्याकडं दोन नावं होती आणि मधे भिंत. पेटी दोघंही रिकामी करू शकत होते, पासवर्डही दोघंही बदलू शकत होते. कोणी बदलला त्याची नोंद फक्त मालकाच्या खात्यात, आणि संशय मालकावरही. नुसत्या संशयावर मी कोणाला सोलणार?

५

शिंदखेड्याला परतले. ज्योतीला म्हटलं, "मालक की मोहिनी, एवढंच उरलंय. पण पुरावा नाही."

तेवढ्यात दारात वीज मंडळाचा माणूस आला, नवा मीटर लावायचा म्हणून. "कुणाच्या नावावर आहे कनेक्शन? पूर्ण नाव सांगा."

नाना शेतात होते. ज्योतीनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं पाहिलं. "अक्का, तू सांग ना."

"का? तुझ्या तोंडात काय आहे?"

"सांग गं!"

मी माझ्या नवऱ्याला अहो-जाहोही करत नाही, सरळ नावानं हाक मारते. त्यामुळं हे माझ्या डोक्यातच नसतं. मी त्या माणसाकडं वळून म्हणाले, "लिहा. प्रेमराज लोटन..."

आणि माझी जीभ तिथंच थांबली.

६

"ज्योती! तू त्या सावद्याच्या पोराला सावदेकर का म्हणतेस?"

"मग काय म्हणू? सासऱ्यांचं नाव घेऊ होय?"

"तोंडानं नाही. लिहिताना?"

"लिहितानाही नाही. ते नाव दाबलं की मोठ्या अक्षरात दिसतं, अक्का. मला नाही होत."

मी डोक्यावर हात मारून घेतला. वकील म्हणे! ती सगळी अक्षरं डोळ्यांपुढून गेली होती आणि मी आंधळी. तिनं त्या मेसेजला '@प्रेमराज' कधीच लिहिलं नसतं. रागातच काय, झोपेतही नाही.

लगेच लीलाधरभाऊंना फोन लावला. "तुम्ही त्याला सावदेकर का म्हणता?"

"ज्योतीमुळं. तिच्या सासऱ्यांचं नाव ना ते. नवीन होती तेव्हा मीच विचारलं होतं तिला, तिनं लाजत सांगितलं."

"मग तो मेसेज वाचताना खटकलं नाही?"

"वाचलाच नाही हो नीट," ते म्हणाले. "मोहिनीनं स्क्रीन दाखवली. फोल्डर रिकामं, वर ज्योतीचं नाव. माझं डोकंच फिरलं."

ज्याला कारण माहीत होतं तो हा मेसेज लिहिताना सावदेकरच लिहिणार. ज्यानं लिहिला त्याला ज्योतीबद्दल एवढी साधी गोष्टही माहीत नव्हती. आणि अधिकार असलेल्या दोघांपैकी वाचत नव्हतं एकच माणूस.

"भाऊ, मीटिंग बोलवा. सगळ्यांना घ्या. कंपनीच्या साहेबांनाही. बेअब्रू त्यांच्यासमोर झालीय, भरपाईही तिथंच होईल."

७

नानांकडून किल्ली मी मागितली नाही, हात पुढं केला. माझं तोंड बघून त्यांनी ती दिली, आणि काय होतं ते बघायला दारातच उभे राहिले.

स्क्रीनवर चौकोन उजळले. साहेब, लीलाधरभाऊ, प्रेमराज, मोहिनी. ज्योती माझ्या शेजारी, अंग चोरून बसलेली.

"मोहिनीताई," मी गोड आवाजात सुरुवात केली. माझा गोड आवाज ऐकला की कोर्टातले जुने लोक खुर्ची मागं घेतात. "तुम्ही एवढ्या जवळच्या. ज्योती प्रेमराजला काय म्हणते हो?"

"काय म्हणते म्हणजे?"

"हाक काय मारते?"

"प्रेमराज म्हणते. आणखी काय म्हणणार?"

प्रेमराजचं तोंड उघडंच राहिलं. लीलाधरभाऊंनी चष्मा काढला.

"तिच्या सासऱ्यांचं नाव प्रेमराज आहे," मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून तिनं ते नाव तोंडानं घेतलं नाही की बोटानं लिहिलं नाही. तुमच्या बोर्डावर तिचा शब्दन् शब्द पडलाय, एकदा तरी दाखवा. इथल्या प्रत्येकाला ती त्याला सावदेकर म्हणते हे ठाऊक आहे. तुम्हाला नाही, कारण तुम्ही रंग बघता. भाऊ, मालकाच्या खात्यात एक नोंद असते, रविवारी संध्याकाळच्या आधी ज्योतीचा पासवर्ड कोणी बदलला त्याची. उघडा."

लीलाधरभाऊ शोधायला लागले.

"शोधू नका," मोहिनी म्हणाली. "मीच बदलला."

आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "माझी आजी अहिराणी बोलायची. मला शिकायची होती, म्हणून ते काम मागून घेतलं होतं. एक शब्द चुकला. सगळ्यांत आधी कोण हसलं? ज्योती. आणि ह्यानं माझं थोबाड प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये चिकटवलं. मी मीटिंगला आले की ग्रुपवर 'उनी, उनी!' म्हणजे आली, आली! मी हसायचे. घरी जाऊन आरशात तेच तोंड बघायचे. म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांचे गळे धरा, मी बघत बसते. आणि बघितलं. बरं वाटलं मला, खोटं का बोलू? फिल्म आहेत माझ्याकडं. त्यांचं माझं वैर नव्हतं."

मला तिची दया आली नाही. येत असती तर सांगितलं असतं. "फसवणुकीची तक्रार आजच जाईल," मी म्हटलं.

ज्योती पहिल्यांदाच पुढं सरकली. "ताई, मी हसले. हसायला नको होतं. त्याबद्दल माफी मागते, बाकी कशाबद्दलही नाही." मग तिनं लीलाधरभाऊंच्या चौकोनाकडं पाहिलं. "भाऊ, त्यांना निदान कारण होतं. तुम्हाला काय कारण होतं? तुम्ही तर सगळं वाचता ना?"

भाऊ पुटपुटले, "चुकलो, बाई. परत ये. मोहिनीची जागाही तुझीच."

"येईन की नाही ते मी कळवीन," असं म्हणून तिनं लॅपटॉप मिटला.

दारात नाना घसा खाकरत होते. "खरं निंघनं तर मग," ते म्हणाले. "सकायपाइन कर तुनं काम. मनी ना नही."

उद्यापासून काम सुरू. मला वाटलं, संपलं. पण ज्योती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या.

"नाना, चला."

"कोठे?"

"डेअरीवर. जिथं सांगितलं तिथंच सांगायचं."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघितलं. म्हातारा टोपी चाचपत पुढं निघाला, मागं ज्योती, तिच्यामागं मी. संध्याकाळची दुधाची वेळ, डेअरीवर कॅन घेऊन सगळी गल्ली उभी. नानांनी खाली मान घालून सांगितलं, "मनी सूननी काहीच करेल नही. चूक मनी शे."

आवाज एवढा बारीक की पुढच्या दोघांनीच माना वळवल्या. नाना परत फिरायला लागले, तर ज्योती वाटेत उभी.

"नाना, आखो एकदाव सांगा," ती म्हणाली. "मांगला लोकेस्ले ऐकू नही उनं."